मोल्डिंग, दाणा, पन्नी: प्लास्टिक कारखान्यातल्या बायांनी तब्येत कशी सांभाळायची

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर इथल्या लहान-मध्यम प्लास्टिक युनिटांत बायांच्या वाट्याला बहुतेक वेळा 'हलकं काम' येतं. साच्यातून पडलेल्या मालाची फ्लॅश (कडेचा जादा पापुद्रा) कापायची, रनर (मालाला जोडून येणारी जादा काडी) तोडायचा, पिशव्या मोजायच्या, भंगार निवडायचं, पॅकिंग करायचं. मशीन ऑपरेटरच्या नावावर असते आणि बाई हेल्पर म्हणून तिच्या शेजारी स्टुलावर बसलेली असते. कागदावर ती मशीनवर नसते, म्हणून मास्क नाही, तपासणी नाही, रसायनांची माहितीही नाही. पण ताजा, वाफाळता माल गार होतो तो तिच्याच पुढ्यात, तिच्या नाकाखाली. ऑपरेटर पॅनलजवळ चार पावलं लांब असतो. म्हणून धुराचा विचार बाई जिथे बसते तिथून सुरू करायचा.

बहुतेक ठिकाणी आधी मास्क वाटतात आणि विषय तिथेच संपतो. हा क्रम उलटा आहे. बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या तापत्या नळीत, काय वितळतंय आणि किती तापमानाला, हे आधी पाहा. मग हवा कुठून कुठे वाहते ते बघा. मास्कचा नंबर त्यानंतर येतो.

बॅरलमध्ये काय आहे?

शिफ्ट सुरू होताना ऑपरेटरला तीन गोष्टी विचारा: दाणा (कच्चं प्लास्टिक) कोणता, तापमान किती लावलंय, आणि दाण्यात काय मिसळलंय (मास्टरबॅच म्हणजे रंगाचा दाणा, चॉक पावडर, करपणं रोखणारा स्टॅबिलायझर, जुना दळलेला माल). दाण्याच्या २५ किलोच्या गोणीवर नाव छापलेलं असतं. प्रत्येक रसायनाबरोबर पुरवठादाराकडून सुरक्षितता पत्रक मागवता येतं. त्याचे १६ भाग असतात. सगळे वाचत बसू नका. भाग २ मध्ये धोका, ४ मध्ये प्रथमोपचार, ८ मध्ये मास्क-हातमोजे आणि १० मध्ये कशाबरोबर मिसळू नये ते असतं. एवढे चार भाग सुपरवायझरकडून मराठीत लिहून घेऊन मशीनजवळ चिकटवा.

पॉलिथिन आणि पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन (बादल्या, टोपल्या, पिशव्या, झाकणं) साधारण १८० ते २५० अंश सेल्सियसला चालतात. ठीक तापमानात त्यांचा त्रास कमी असतो. करपले की फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलीनसारखे वायू सुटतात. डोळे चुरचुरतात, नाकात झोंबतं.

पॉलिस्टायरिन आणि एबीएस (खेळणी, कुलरचे भाग, हेल्मेट, टीव्ही-पंख्यांची कव्हरं) यांतून स्टायरिन सुटतं. वास गोडसर असतो. दुपारनंतर डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं ही त्याची लक्षणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरिनला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलंय.

पीव्हीसी (पाइप, वायरचं आवरण, चपलेचे सोल) सर्वांत नाजूक. ते साधारण १६० ते २०० अंशांत चालवतात. त्याच्यावर गेलं किंवा बॅरलमध्ये जास्त वेळ राहिलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. घसा जळतो, कोरडा खोकला येतो. मऊ पीव्हीसीत मऊपणा आणणारी थॅलेट तेलं असतात. काही जुन्या पद्धतीच्या मिश्रणांत शिशाचा स्टॅबिलायझर पांढऱ्या पावडरीच्या रूपात येतो. ती पावडर तोलणं आणि मिक्सरमध्ये ओतणं हे पीव्हीसी युनिटातलं सगळ्यांत धोक्याचं काम. अनेकदा ते 'नुसतं वजन करायचं आहे' म्हणून बाईला सांगितलं जातं. नकार द्यायचा असेल तर या कामाला द्या.

असिटल, ज्याला कारखान्यात डेलरिन किंवा पीओएम म्हणतात (गिअर, क्लिप, झिपचे भाग), सुमारे १९० ते २१५ अंशांत चालतं. २३० च्या आसपास गेलं की फॉर्माल्डिहाइडचा लोट सुटतो. पीव्हीसी आणि असिटल एकाच बॅरलमध्ये कधीही एकत्र येऊ देऊ नका. पीव्हीसीच्या आम्लाने असिटल झपाट्याने फुटतं, बॅरलमध्ये दाब वाढतो आणि गरम माल नोझलमधून (बॅरलच्या तोंडातून) किंवा हॉपरमधून (दाणा ओततात त्या नरसाळ्यातून) उसळतो. एका मालावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये पॉलिथिन चालवून बॅरल पूर्ण साफ करावाच लागतो. एकाच मशीनवर हे दोन्ही माल चालत असतील तर प्रत्येक बदलाची नोंद वहीत व्हायला हवी.

वासावर भिस्त ठेवू नका. थोड्या वेळात नाक सरावतं आणि वास 'गेला' असं वाटतं, हवा मात्र तीच असते. बाहेरून आत आलेल्या माणसाला विचारा, तो लगेच सांगेल.

धूर अचानक वाढला तर

बहुतेक वेळा दोष थर्मोकपलचा असतो. बॅरलवरचा तो सेन्सर सैल झाला की पॅनलवर खरं तापमान दिसत नाही, कमी दिसतं. कंट्रोलरला वाटतं अजून तापायचंय, म्हणून हीटर चालूच राहतो आणि माल आतून करपतो. खुणा ठरलेल्या आहेत: मालावर तपकिरी रेघा, काळे ठिपके, नोझलमधून पातळ होऊन गळणारा माल, हीटरचा दिवा विझतच नाही. यातली एकही खूण दिसली तर सुपरवायझरला सांगा आणि मेकॅनिक येईपर्यंत मशीनपासून लांब बसा.

दुसरं कारण म्हणजे थांबलेली मशीन. चहा, साचा बदल, लाइट जाणं, डब्याची सुट्टी. हीटर चालू असतो आणि माल जागेवरच शिजत राहतो. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर तापमान उतरवायचं. पीव्हीसी आणि असिटल असेल तर बॅरल पॉलिथिनने रिकामा करून मगच थांबायचं. याने मालही वाचतो, त्यामुळे मालकाला पटवणं सोपं जातं.

पर्जिंग म्हणजे बॅरल रिकामा करताना बाहेर पडणारा लोंदा. तो दोनशे अंशांच्या वर असतो, त्यातून धूर निघत राहतो आणि वरून कडक झाला तरी आत वितळलेलाच असतो. तो फरशीवर पडू देऊ नका. खाली लोखंडी ट्रे ठेवा, लांब चिमट्याने उचलून पाण्याच्या लोखंडी बादलीत टाका आणि बादली शेडबाहेर ठेवा. पर्जिंग करणाऱ्याने चेहऱ्यावर पूर्ण शील्ड लावायची, बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. हेल्पर बाईने 'पटकन उचलून टाक' हा हुकूम ऐकू नये.

हवा कुठून कुठे जाते

साधा नियम: स्वच्छ हवा आधी बाईकडे यावी, मग मशीनकडे, मग एक्झॉस्टमधून बाहेर. अनेक शेडमध्ये हे नेमकं उलटं असतं. एक्झॉस्ट पंखा बाईच्या पाठीमागच्या भिंतीत वर बसवलेला असतो आणि मशीनवरचा धूर तिच्या तोंडावरूनच खेचून नेतो. पंखा जितका जोरात चालेल तितका त्रास जास्त. पंखा मशीनच्या पलीकडे हवा, किंवा बाईची जागा तरी बदलायला हवी.

हूड (धूर ओढून घेणारं झाकण) असेल तर ते जवळ हवं. धूर ओढण्याचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो: १५ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपचा जोर तोंडापासून १५ सेंटिमीटरवर सुमारे एक दशांशच उरतो. छताला टांगलेलं सुंदर हूड नोझलपासून चार फुटांवर असेल तर ते शोभेचं. लवचीक डक्टने ते नोझल आणि साच्याच्या वर एका वितीच्या आत आणा.

तपासायला दोऱ्याचा वीतभर तुकडा काडीला बांधा आणि बाईच्या नाकाच्या उंचीवर, मग माल पडतो तिथे, मग हूडच्या तोंडाशी धरा. दोरा कुठे झुकतो ते बघा. उदबत्ती लावून धूर बघणं आणखी सोपं, पण छपाईच्या, थिनरच्या किंवा सॉल्व्हंटच्या जागेजवळ उदबत्ती लावायची नाही. तिथे दोराच.

आता कूलरचा प्रश्न. नागपुरात मार्चच्या शेवटापासून शेडमध्ये कूलर लागतात आणि ते लागणारच. त्याचा झोत हूडवर आडवा बसला की हूड धूर पकडूच शकत नाही, सगळा धूर शेडभर पसरतो. झोत बरोबर पाठीमागून आला तर शरीराच्या पुढे हवेचा भोवरा तयार होतो आणि समोरचा धूर त्यात अडकून नाकाशी येतो. म्हणून कूलर बाजूने, थोडा तिरका, आणि बाईच्या अंगावरून पुढे मशीनपलीकडे जाईल असा ठेवा. समोरचं शटर किंवा खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमटपणा आणि धूर दोन्ही आत कोंडतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रपाळीत उलटं होतं: थंडीमुळे शटर खाली ओढतात आणि वर्षातली सगळ्यांत वाईट हवा तेव्हाच असते. शटर निदान एक फूट वर ठेवा आणि बायांना जर्सी द्या.

मास्क: कोणता कशासाठी

कापडी मास्क, ओढणी आणि निळा सर्जिकल मास्क प्लास्टिकच्या वाफेला अडवत नाहीत. भुकटीलाही नीट अडवत नाहीत. ग्राइंडरची भुकटी, चॉक पावडर, टाल्क यांसाठी एफएफपी२ दर्जाचा मास्क लागतो. त्यावर आयएस ९४७३ हा भारतीय मानक क्रमांक बघा. वायूसाठी कॅनिस्टर (वायू शोषणारी डबी) लावलेला रबरी हाफ मास्क लागतो. युरोपीय रंगपद्धतीत तपकिरी पट्टी म्हणजे सेंद्रिय वाफा (थिनर, स्टायरिन), पिवळी म्हणजे पीव्हीसीतून सुटणाऱ्यासारख्या आम्ल वायूंची, पांढरी म्हणजे धुळीची. अमेरिकन कॅनिस्टरवर रंगांचा अर्थ वेगळा असतो, त्यामुळे रंगाबरोबर पाकिटावरचं वर्णनही वाचा.

दुकानात जो मास्क मिळतो तो बऱ्याचदा पुरुषी चेहऱ्याच्या मापाचा. बायांच्या चेहऱ्यावर नाकाच्या बाजूने आणि हनुवटीखाली फट राहते. मापं लहान, मध्यम, मोठी अशी मिळतात, लहान मागा. लावल्यावर दोन्ही कॅनिस्टर तळहातांनी झाका आणि हळू श्वास घ्या. मास्क आत ओढला जाऊन तसाच राहिला तर बसला, बाजूने हवा आली तर नाही. शिफ्ट संपली की मास्क पुसून, चेन असलेल्या पिशवीत बंद करून ठेवा. खिळ्याला लटकवलेला कॅनिस्टर रात्रभर शेडमधली वाफ शोषत राहतो आणि लवकर संपतो. मास्कच्या आत वास येऊ लागला की कॅनिस्टर त्याच क्षणी बदला. तारीख काळ्या पेनने त्यावर लिहा.

भंगार निवडताना वास घेऊ नका

रिसायकलिंगच्या युनिटांत एक जुनी पद्धत आहे: तुकड्याला लायटर लावायचा आणि वास घेऊन प्लास्टिक ओळखायचं. अनुभवी बाया दिवसभरात असे कितीतरी तुकडे हुंगतात. पीव्हीसी, जुन्या टीव्हीचं आवरण किंवा वायरचा तुकडा असेल तर आम्ल, स्टायरिन आणि आगरोधक रसायनांचा धूर थेट फुफ्फुसात जातो. ही पद्धत बंद करायची. ओळख बादलीने होते.

एका बादलीत साधं पाणी आणि दोन थेंब भांड्याचा साबण घ्या. दुसऱ्या बादलीत दर लिटर पाण्याला १५० ग्रॅम मीठ विरघळवा. तुकडा आधी साध्या पाण्यात बुडवून बोटाने हवेचे बुडबुडे काढा. तरंगला तर पॉलिथिन किंवा पीपी. बुडाला तर मिठाच्या पाण्यात टाका. तिथे तरंगला तर पॉलिस्टायरिन किंवा एबीएस. तिथेही बुडाला तर पीव्हीसी, पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), नायलॉन किंवा पॉलिकार्बोनेट. एक अडचण: चॉक भरलेला पीपी (स्वस्त खुर्च्या) साध्या पाण्यातही बुडतो, त्यामुळे खुर्चीचे तुकडे वेगळे ठेवा. त्रिकोणातला आकडा असेल तर काम आणखी सोपं: १ पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरिन.

ग्राइंडरवर आवाज इतका असतो की हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. ही ८५ डेसिबलच्या वर गेल्याची खूण. फोमचे इअरप्लग गोल दाबून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत घाला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. नुसते बाहेर टेकवलेले प्लग कामाचे नाहीत.

कपडे, केस, बांगड्या

पिशव्यांच्या सीलिंग-कटिंग मशीनवर आणि फिल्मच्या रोलरवर पदर, ओढणी आणि मोकळी वेणी हे सगळ्यांत मोठे धोके. साडी असेल तर पदर कमरेत खोचून वरून मागे बांधायचा बंद एप्रन घाला. वेणीचा अंबाडा करून टोपीत घाला, मंगळसूत्र आत घ्या. काचेच्या बांगड्या फुटून मनगट कापतं, धातूच्या हीटर बँडला लागून भाजतात. सौभाग्याची खूण काढायला बाई तयार नसेल तर मनगटावर घट्ट कापडी पट्टी बांधून बांगड्या झाका, हा व्यवहारी तोडगा आहे. फिरत्या रोलरजवळ हातमोजे नकोत, मोजा आधी अडकतो आणि मग बोट. गरम माल उचलताना मात्र हातमोजे हवेतच.

मोल्डिंग मशीनच्या सेफ्टी गेटचा लिमिट स्विच (गेट उघडं असताना साचा बंद होऊ न देणारा) तार बांधून किंवा टेप लावून दाबून ठेवलेला दिसला तर त्या मशीनवर बसू नका. साच्यात अडकलेला तुकडा काढायला हात आत घालण्याची वेळ येते ती इथेच.

उन्हाळा, पाणी आणि संडास

नवतपात (मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) नागपूर ४५ अंशांच्या पुढे जातं आणि पत्र्याच्या शेडमध्ये बॅरलच्या शेजारी त्याहूनही गरम असतं. दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी प्यावं लागतं, म्हणजे तासाला साधारण पाऊण ते एक लिटर. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. खूप घाम येत असेल तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट पूर्ण टाका. घरचं करायचं तर एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ.

बाया पाणी पीत नाहीत याचं खरं कारण तहान नव्हे, संडास. तो लांब, घाण, कडी नसलेला किंवा पुरुषांच्या रांगेत असतो. मग सकाळी आठपासून पाणी टाळायचं. परिणाम: लघवीला जळजळ, वारंवार संसर्ग, मुतखडा आणि ऊन लागणं. तब्येतीच्या मागण्यांत मास्कच्याही आधी लिहावी ती ही मागणी: बायांचा वेगळा संडास, आतून कडी, पाणी, साबण, दिवा आणि पाळीच्या पॅडसाठी झाकणाची बादली. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. दिवसातून निदान चार वेळा लघवी व्हायलाच हवी.

उन्हाळ्यात नव्याने आलेल्या बाईला पहिल्या दिवशी उष्णतेच्या कामाचा पाचवा भागच द्या, मग रोज तेवढाच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. ती आडवी पडली, बडबडू लागली किंवा विचारलेलं कळेनासं झालं तर हा उष्माघात. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा मारा, काखेत आणि मानेवर बर्फ ठेवा आणि १०८ लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका.

हात, डबा आणि खर्रा

छपाईच्या कामात शाई काढायला हात थिनरने धुणं ही सर्रास सवय. टोल्युइनसारखे द्रव कातडीतून आत जातात, शिवाय कातडीतलं तेल काढून टाकतात, मग भेगा, खाज आणि काळे चट्टे. शाईसाठी आधी खोबरेल तेल चोळा, पुसा, मग साबण. थिनर हाताळायचाच असेल तर त्या द्रवाला चालणारे हातमोजे पत्रकाच्या भाग ८ मध्ये लिहिलेले असतात. साधे पातळ लॅटेक्स मोजे थिनरने लवकर फुगतात.

डबा मशीनवर खायचा नाही. पाण्याची बाटली झाकणासहित आणि कामाच्या टेबलापासून लांब. आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. पन्नीत घासलेला खर्रा काम करता करता तोंडात टाकला की बोटांवरची शिशाची पावडर, रंग आणि भुकटी त्याच्याबरोबर पोटात जाते. तंबाखूचं नुकसान वेगळंच. सोडणं जमत नसेल तर निदान शिफ्ट संपेपर्यंत नाही, आणि हात धुतल्याशिवाय अजिबात नाही.

कामाचे कपडे कारखान्यातच बदला. घरी न्यायचे असतील तर वेगळ्या पिशवीत, आणि लहान मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. पीव्हीसी पावडर हाताळणाऱ्या बाईने घरी पोचल्यावर बाळाला उचलण्याआधी हातपाय, तोंड आणि केस धुवावेत.

पाळी, गर्भारपण, स्तन

बाळाचे मुख्य अवयव गर्भाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात, म्हणजे बऱ्याचदा दिवस राहिल्याचं कळण्याआधीच. शिसं, टोल्युइन, स्टायरिन, थॅलेट तेलं आणि शरीराचं तापमान ३९ अंशांच्या वर नेणारी उष्णता या पाच गोष्टी या काळात टाळायच्या. म्हणून मूल हवं असेल तेव्हाच काम बदलून मागा, पोट दिसण्याची वाट पाहू नका. पीव्हीसी मिक्सिंग, छपाई, पर्जिंग आणि गोणी उचलणं सोडून पॅकिंगची, शटरजवळची, धुरापासून लांबची जागा मागायची. फोलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधीपासून सुरू करा, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते.

शिसं असलेल्या जागी काम करत असाल तर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिसं कुठून येतं ते शोधून बंद करायचं असतं. पाळी वारंवार चुकणं, गर्भपात, दूध कमी होणं या तक्रारींचं कारण दुसरंही असू शकतं, पण डॉक्टरला आपण कशाबरोबर काम करतो हे सांगायचंच.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्तनाच्या कर्करोगाच्या १,००६ रुग्ण बाया आणि १,१४७ इतर बाया यांच्या कामाच्या इतिहासाची तुलना होती. गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या बायांत धोका सुमारे २.७ पट दिसला. हा एका भागातला अभ्यास आहे, त्यावरून एखादीच्या आजाराचं कारण ठरवता येत नाही. तरी प्लास्टिकमध्ये अनेक वर्षं गेलेल्या बाईने तपासणीत टाळाटाळ करू नये एवढं कळायला तो पुरेसा आहे. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायांची स्तनाची तपासणी दर पाच वर्षांनी होते. गाठ, स्तनाग्र आत ओढलं जाणं, रक्ताळ स्राव किंवा कातडी जाड होणं दिसलं तर पाच वर्षं थांबायचं नाही. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, त्याआधी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची ओपीडीही चालते.

भाजलं तर

वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप-हळद नाही. कातडीला चिकटलेलं प्लास्टिक ओढून काढू नका, कातडी त्याच्यासोबत येते. अंगठी, बांगडी लगेच काढा, कारण सूज येते. स्वच्छ कापडाने सैल झाका आणि दवाखान्यात जा.

नोंद कशी ठेवायची, कुणाला सांगायचं

एक छोटी वही घ्या. रोज पाच रकाने: तारीख, मशीन, दाणा, पॅनलवरचं तापमान, त्रास. त्रासासमोर किती वाजता सुरू झाला आणि रविवारी कमी झाला का, एवढं लिहा. आठवडी सुट्टीत बरं आणि सोमवारी दुपारी पुन्हा तेच, असं दिसलं तर कारण बहुतेक कामातच आहे. दम लागत असेल तर डॉक्टर पीक फ्लो मीटर देऊ शकतात. साधी नळी आहे. दिवसातून चार वेळा फुंकून आकडा लिहायचा, चार आठवडे, सुट्टीचे दिवस धरून. दम्याचं कारण कारखान्यात आहे का, हे याने कळतं. दुकानातलं 'संपूर्ण शरीर' पॅकेज घेण्यापेक्षा ही वही आणि नेमक्या चार तपासण्या जास्त उपयोगी: श्वासाची क्षमता, कानांची चाचणी, शिसं असेल तर रक्तातलं शिसं, रक्ताची साधी तपासणी.

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होतं आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचं वर्गणी कापणं बंधनकारक आहे: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. ठेकेदारामार्फत आलेल्या बाईलाही हे लागू. पगारपत्रकावर कपात दिसते पण ईएसआयचा नंबर मिळालेला नाही, ही ठेकेदारीतली ठरलेली तक्रार आहे. पहिल्याच महिन्यात नंबर मागा. सोमवारी पेठेतल्या ईएसआय रुग्णालयात तो नंबर लागतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा त्याच नंबरवर मिळते, त्यासाठी आधीच्या दोन वर्गणी कालावधींत (सहा-सहा महिन्यांचे) ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संहितेने घेतली आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत नेमणुकीचं पत्र देणं मालकावर बंधनकारक आहे, ४० वर्षांवरच्या कामगारांची वार्षिक तपासणी मोफत आहे आणि बाईची संमती असल्याशिवाय रात्रपाळी देता येत नाही. धूर, सेफ्टी गेट, संडास यांबद्दल आधी सुपरवायझरला लेखी सांगा आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. काही हललं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात अर्ज करा. अर्जात मशीनचं नाव, काय चालतं, किती बाया बसतात, कोणत्या तारखांना कुणाला काय त्रास झाला, एवढंच लिहा. 'आमच्यावर अन्याय होतो' या वाक्यापेक्षा 'तीन नंबरच्या मशीनवर सेफ्टी गेटचा स्विच टेपने बांधलेला आहे' या वाक्यावर निरीक्षक लवकर येतो. पाच-सहा जणींच्या सह्या एकत्र असल्या तर कुणा एकीचं नाव पुढे येत नाही.